उसाचं मेण आणि कोल्हारचे पेरू

मी बाकी सगळं विसरते, अपमान विसरत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

नव्वदच्या दशकात मी संगमनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. साखर कारखान्यात रस गाळून झाला की काळी, आंबूस घाण उरते. तिला प्रेसमड म्हणतात आणि ती खतात जाते. उसाच्या कांडीवरचा पांढुरका मेणाचा थर या घाणीतच उतरतो. ती कॉलेजच्या गच्चीवर वाळवून मी दोन हिवाळे मेण काढत बसले. अंगाला इतका वास यायचा की सासूबाई मला दारातूनच न्हाणीत पिटाळत. पण ते मेण पाण्यात फेटून लावलं की एरवी लगेच मऊ पडणारा पेरू आठवडाभर टणक राही.

आमचे विभागप्रमुख म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. प्रयोग जमल्याचं कळताच कोल्हारच्या शेतकरी मेळाव्यात तो स्वतःच्या नावाने मांडायचं त्यांनी ठरवलं. मी जाब विचारला, तर म्हणाले, "बाई, शेतकऱ्यांपुढे बोलणं तुम्हाला जमायचं नाही." माझे कान तापले.

मेळाव्यासाठी त्यांनी सासुरवाडीच्या बागेतले पेरू आणवले आणि चकाकी यावी म्हणून, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत तसे मेणाचे दोन जाड थर चढवले. खरं तर एकच पातळ थर द्यायचा असतो. जाड थराखाली फळ गुदमरतं आणि आतल्या आत आंबतं. मला हे ठाऊक होतं. मी मूग गिळून बसले, आणि मला फार बरं वाटलं.

कोल्हारला पाहुण्यांनी फीत न कापता पेरू कापला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने फोड तोंडात घातली, थुंकली आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, ह्यो पेरू न्हाई. पहिल्या धारेची हाय."

मंडप हसायला लागला. सर घामाघूम झाले आणि माइकवरून घाईघाईने म्हणाले, "हे काम माझं नाही. सगळं या बाईंनी केलंय."

मला एवढंच हवं होतं, तेही त्यांच्याच तोंडून आणि चार गावांसमोर. मी उठून त्यांच्या हातातला माइक घेतला.

"सर खरं बोलले. मेण मीच काढलं. थर एकच द्यायचा असतो, दोन सरांनी दिलेत. एका थराचे पेरू मी पिशवीत आणलेत, खाऊन बघा."

लोकांनी पिशवी रिकामी केली. सर मान खाली घालून बसले होते. मला त्यांची तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही.