दार लावून बोला

मैत्रिणींमध्ये चहाला बसले की ठरलेला प्रश्न येतो, "काय गं, आज कोण भेटलं?" बीडमधल्या एका खोलीत बसून मी समुपदेशक म्हणून गावोगावच्या लोकांशी व्हिडिओ कॉलवर बोलते, त्यांच्या मनातलं ऐकून घेते. किस्से इतके साचलेत की सांगताना हसू येतं. घडताना मात्र हसायची सोय नसते. माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "दार लावून एकटे बोला." आणि आमच्याकडे एकटं कुणी नसतंच!

घाटनांदूरचे एक किराणा दुकानदार. मी विचारलं, "झोप कशी आहे?" उत्तर भलत्याच आवाजात आलं, "लई घोरतो, मॅडम!" फोन स्पीकरवर, काउंटरवर ठेवलेला, आणि भोवती सहा गिऱ्हाईकं. फोन कानाला लावून हळू बोललं की गावाला संशय येतो. "निदान शटर तरी ओढा," मी म्हटलं. ते म्हणाले, "शटर वडलं तर लोक इचारतील, घरात कोन गेलं?"

एका गावपुढाऱ्यांनी वेळ घेतली. स्क्रीनवर आला गाडीत बसलेला त्यांचा पीए. "सायब बैठकीत हायेत. तेंचं टेन्शन मला समदं पाठ हाय, इचारा." मी साफ नाही म्हटलं. तर गाडीच्या मागच्या सीटवरून साहेबांचाच आवाज, "आरं, छातीत धडधड होती ते सांग की बे!"

एका मुलीनं तोंडाला स्कार्फ बांधून आधी मलाच विचारलं, "तुमी कुठल्या?"

"पाटोद्याची."

फोन कट! दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "सॉरी मॅडम. सोयरीक पाटोद्यातच जमायलीय." त्या दिवशी मला माझ्या गावाचा राग आला. तिनं पुन्हा फोन केला नाही.

आणि रेखा. घरात कॅमेऱ्याचे फोन दोन, एक नवऱ्याचा, एक सासूचा. "येड्याच्या डॉक्टरला" फोन लावलेला कळला असता तर नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तिनं सासूचा फोन घेतला आणि घरात सांगितलं, या सासूच्या गुडघ्यांसाठीच्या मॅडम आहेत. नोंदणी मात्र तिच्याच नावाची होती, त्यामुळे मला सगळं कळत होतं. दर बुधवारी सासू शेजारी बसायची आणि रेखा आपलं दुखणं सासूच्या नावानं सांगायची. "आत्याबाईंना जेवन जात न्हाई. आत्याबाईंना सारखं रडू येतंय." आत्याबाई गुडघे चोळत ऐकायच्या. मीही आत्याबाईंचंच नाव घेऊन विचारत राहिले.

चौथ्या बुधवारी ती म्हणाली, "आत्याबाईंना वाटतंय, जगूच नये."

तिच्याशी एकटीशी बोलायलाच हवं होतं, आणि तेही आत्ता. पण बोलायचं कसं? तेवढ्यात नवरा दारात आला. "आज कावून एवढा येळ? काय म्हनतेत मॅडम?"

रेखा पांढरीफटक पडली. मी तोंड उघडणार, तोच सासूनं फोन आपल्या हातात घेतला.

"गुडघे लई बिघडलेत म्हनतेत. हप्त्यातून दोनदा दार लावून व्यायाम करायचा. रेखानंच करून घ्यायचा. गडीमानसानं थांबायचं न्हाई."

यातलं एक अक्षरही मी बोलले नव्हते!

नवरा पुटपुटत मोटारसायकल काढून गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत म्हातारी फोन धरून बसून राहिली. मग ती ताडकन उठली, फोन रेखाच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. दारापलीकडून आवाज आला,

"रेखे, माजं झालं सांगून. आता तुजं सांग!"