डोळ्याचा कोड

“एका बाजूचं का दोन्ही?” फाइल हातात पडली की दादांचा पहिला प्रश्न हाच. डॉक्टर घाईत नुसतं ‘सायनस’ लिहून जायचे आणि दादा पेन कानामागं खोचून त्यांच्या मागं ऑपरेशनच्या खोलीपर्यंत जायचे.

बीडच्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात मी वॉर्डात नर्स, ते खाली योजनेच्या खिडकीत. सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं तर आधी त्याचा नेमका कोड टाकून मंजुरी मागवायची. नाकाच्या वाकड्या हाडाचा वेगळा, सायनसचा वेगळा, त्यातही एका बाजूचा वेगळा, दोन्हींचा वेगळा. चुकला की अर्ज परत आणि पेशंट ताटकळत. वॉर्डातल्या मावश्या भांडल्या तरी दादा विचारायचे, “भांडण एका बाजूचं का दोन्ही?” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

कोरोनात काळी बुरशी आली आणि त्या प्रश्नावर कुणी हसेनासं झालं.

धारूरकडच्या एका शेळ्या राखणाऱ्यानं बायकोला आणलं. बुरशी सायनसमधून डोळ्यापर्यंत पोचलेली. डॉक्टर म्हणाले, “डोळा काढावा लागेल का, ते आत पाहूनच कळेल. नवऱ्याशी मी संध्याकाळी बोलतो.” ऑपरेशन अर्ध्यात अडायला नको म्हणून दादांनी सायनसचा आणि डोळ्याचा, दोन्ही कोड टाकले. ते बरोबरच होतं.

पण मंजुरी दुपारीच आली, आणि तिचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला. शेजारच्या खाटेवाल्याकडून वाचून घेऊन तो खिडकीवर आला.

“डोळा काढायचं ठरवून बसलात? मला कावून सांगितलं न्हाई?”

“ठरलं न्हाई हो. लागलंच तर, म्हणून...”

“लिवलंय की हितं!”

आम्ही सगळ्यांनी विनवलं. त्यानं ऐकलं नाही. डोळ्यावर पदर धरून ती त्याच्यामागं जिना उतरली.

दादा फोन लावत राहिले. कुणी उचलेना, तेव्हा रविवारी मोटारसायकलवर धारूरला गेले. परतल्यावर वॉर्डात येऊन स्टुलावर बसले.

“काल गेली, सिस्टर.”

“तो काही बोलला?”

“मार खायच्या तयारीनंच गेलतो. त्यानं घोंगडं टाकलं. म्हणला, लई लांबून आलात, बसा. चहा ठेवायला लागला, तर चूल पेटंना त्याच्याच्यानं. मग मीच पेटवली.”

त्यानंतर डोळ्याचा कोड आला की ते खुर्ची सोडायचे. “तुमी टाका, सिस्टर.” मी टाकायचे.

एका सकाळी डोळ्याची फाइल पाठवूनही हाक आली नाही म्हणून मी खाली गेले. दादा तेलगावला घरी निघून गेल्याचं नंतर कळलं. संगणक चालू होता. अर्जावर पेशंटचं नाव, वय, गाव भरलेलं होतं. पुढचं मी भरलं.