कंडक्टरच्या घरचा व्हिसा

दिवसभर कापडाच्या दुकानात बसलं की संध्याकाळी सदऱ्याला रंगीबेरंगी धागे चिकटलेले असतात. कुठला धागा कुठल्या ठाणाचा, सांगता येत नाही. किश्श्यांचंही तसंच. चिखलीतल्या माझ्या दुकानात गादीवर रोज चार माणसं टेकतात आणि उठून गेली की काहीतरी मागे ठेवून जातात. यंदाचे बरेचसे धागे वानखेडेंच्या घरचे.

वानखेडे म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. एकुलती एक लेक प्रज्ञा अमेरिकेत, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. जावयाला आई नाही, तिथे जवळचं कुणी नाही. वानखेडेंची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून सुमनवहिनींनी एकटीनंच जायचं ठरलं. त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि आतही एकटीनंच जायचं.

"शेठ, हिनं आजपर्यंत एसटीचं तिकीट नाई काढलं," वानखेडे म्हणाले.

खरं होतं. वहिनी माहेरी, धाड गावाला, जायच्या त्या नवऱ्याच्याच गाडीनं, पासावर. त्या पुढच्या सीटवर, वानखेडे बॅग अडकवून गर्दीत. ड्युटीवर बायकोशी बोलायचं नाही हा त्यांचा नियम.

"बोलले तं एवढंच बोलायचे, पुढं सरका," वहिनी सांगतात. "मी खिडकीशी बसलेली. कुठं सरकू?"

*

व्हिसाच्या फोटोला मागे पांढरं लागतं. फोटोवाल्याचा पडदा पिवळा पडलेला, म्हणून माझ्याकडून पांढरं पॉपलीन गेलं.

"काकू, हसायचं नाही."

"हसू नको म्हटलं की मले येतेच."

मग धाक म्हणून वानखेडेंना समोर उभं केलं. त्यांनी विनातिकीट प्रवासी सापडल्यावर करायचे ते तोंड केलं. वहिनी पदर तोंडाला लावून खालीच बसल्या. शेवटी फोटोवाल्यानं वानखेडेंना बाहेर काढलं, तेव्हा कुठे फोटो निघाला.

*

मुलाखतीला कोणती साडी? मी जवळजवळ अर्धं कपाट उतरवलं. धंदा आहे बाबा, खोटं कशाला बोलू. वहिनींनी एकेक पदर बोटांनी चाचपून बाजूला ठेवला.

"नवी साडी करकर करते, भाऊजी. सायेब काय इचारते त्याच्यावर ध्यानच नाई राहणार."

निघाल्या त्या प्रज्ञानं पहिल्या पगारात घेतलेल्या साडीत. तीसुद्धा माझ्या दुकानातली नव्हती!

*

मुलाखतीची तालीम दुकानातच झाली. गल्ल्यामागे बसून मी साहेब झालो. सोबत नेटकॅफेवाला गजू. वहिनींचा ऑनलाइन फॉर्म त्यानंच भरलेला.

"अमेरिकेला कशासाठी जाता?"

"लेकीच्या बाळंतपणाले," वानखेडे म्हणाले.

"कुठे राहणार?"

"जावयाकडे. दोन खोल्या हायेत," पुन्हा वानखेडेच.

"तुम्हाले कोणी इचारलं?" मी म्हटलं आणि त्यांना चहा सांगायला पिटाळलं.

ते गेले, तशा वहिनी दाराकडे पाहू लागल्या. मी विचारलं, "परत कधी येणार?" त्या म्हणाल्या, "लेक सोडन तवा."

गजू ताडकन उठला. "असं नका म्हणू काकू, त्याईले वाटन तिथंच राहता. बाळ सव्वा महिन्याचं झालं की येते, असं सांगजा. आणि एक ध्यानात ठेवा. पासपोर्ट त्याईनं ठेवून घेतला की काम झालं. हातात वापस देला की नाई झालं."

वहिनींनी मान हलवली. एवढ्यात वानखेडे चहा घेऊन आले. "काय झालं?" "काही नाई," आम्ही म्हणालो.

*

शेगावहून रेल्वेनं निघायचं होतं, वानखेडेंच्या आईजवळ शेजारीण थांबणार होती. वानखेडे आले ते कडक इस्त्रीच्या खाकी कपड्यांत.

"हे काऊन?" मी विचारलं.

"आत सोडत नाईत, पण दारावर तं सरकारी माणूस दिसला पाह्यजे."

वकिलातीसमोर ते उन्हात उभे राहिले. वहिनी आत असेपर्यंत लोक त्यांनाच रांग विचारू लागले, आणि यांनी लावलीही. म्हातारी माणसं पुढे, लेकुरवाळ्या सावलीत.

*

आत काय झालं ते वहिनींनी परत आल्यावर दुकानात बसून सांगितलं. वानखेडे शेजारीच होते, पेपरात डोकं घालून.

काचेमागच्या बाईनं दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्ही परत याल कशावरून? सव्वा महिना वगैरे सगळं वहिनी विसरल्या.

"मी म्हटलं, जिंदगीभर मी ह्यांच्या गाडीची वाट पाह्यली. आता पह्यल्यांदा हे माही पाहतीन. कशी पाहतात, ते पाहाले मले यावंच लागन."

बाई हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

वहिनी मोकळ्या हातानं बाहेर आल्या. वानखेडेंचा चेहरा उतरला. "पासपोर्ट जमा केला?" एसटीत पास जमा करून घेतला म्हणजे माणसाचा प्रवास संपला.

"मंग म्हणाले, जाऊ दे सुमन, मनाले लावून घेऊ नको. प्रज्ञाले आपण फोनवर सांगू, बाळाले कसं न्हाऊ घालाचं ते. मंग चहा आणाले गेले. तेवढ्यात मी प्रज्ञाले फोन केला, काम झालं म्हणून. प्रज्ञा म्हणे, बाबाले सांग लवकर."

"मग?"

"मी म्हटलं, थांब जराशीक."

"वहिनी, सांगितलं कधी मग?"

"शेगाव टेसनावर. उतरता उतरता."

वानखेडेंनी पेपर आणखी वर धरला.

"अहो, सारी रात! बिचारा माणूस. एवढा उशीर काऊन केला?"

वहिनींनी पदर सारखा केला.

"जवळ बसून बोलून राह्यले होते नं, भाऊजी. गाडीत."