जुंपून बघितल्याशिवाय बॅटरी कळत नाही

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते... पण पाहुणी म्हणून नाही, ड्रोन घेऊन. आमच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन मी चालवते, आणि या वेळी काम होतं खुद्द अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या उसात. माजलगाव धरणाच्या पाण्यावरचा ऊस, माणूस आत शिरला तर दिसत नाही असा.

अण्णांनी गावभर सांगून ठेवलेलं, "माझी लेक इमान उडवती." त्यामुळे बांधावर ही गर्दी! मला आतून धाकधूक... कारण ड्रोन माझ्या एकटीचा नाही, गटातल्या सगळ्या बायांचा आहे. तो मधोमध उसात पडला असता तर बायांना तोंड कसं दाखवलं असतं?

सकाळची फवारणी झकास झाली. एक तुकडा राहिला तेव्हा बाकीच्या बॅटऱ्या जनरेटरवर चार्जिंगला होत्या, आणि सावलीत एक वापरलेली पडून होती. ती ड्रोनला लावली, तर रिमोटवर तिचा आकडा अठ्ठेचाळीस टक्के. म्हटलं, एवढ्यात होऊन जाईल.

ओझं कमी राहावं म्हणून औषधाची टाकी अर्धीच भरून मी झाकण लावत होते, तर अण्णा म्हणाले, "गच्च भर की माय. अर्धी टाकी म्हंजी काटा मारल्यावानी दिसतंय." आमच्या ऊसपट्ट्यात वजनात फसवलं की त्याला काटा मारणं म्हणतात. तो ठपका कोण घेणार... भरली गच्च.

ड्रोन उचलला आणि आकडा धाडकन एकवीसवर. रिमोट बोंबलायला लागला. मी घाबरून जागेवरच खाली घेतला... आणि थोड्या वेळात तोच आकडा परत पंचेचाळीस!

शेजारच्या शेतातले काका म्हणाले, "बॅटरी भरली की परत. उडव आता, कावून थांबलीस?" अण्णांनी नुसती टोपी काढून परत घातली. अवघडले की ते असंच करतात. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, उडवून टाकावा.

आणि का कोण जाणे, बैलबाजार आठवला. लहानपणी मी अण्णांबरोबर जायचे. दावणीला उभा असलेला कुठलाही बैल दमदार दिसतो, म्हणून अण्णा त्याला चाकं फिरू नयेत म्हणून दोरीने बांधलेल्या गाडीला जुंपायला लावायचे. पण पहिल्या हिसक्याला अडखळला म्हणून नाकारायचेही नाहीत... जरा ओढू द्यायचे, पाय रोवू द्यायचे, मगच भावाचं बोलायचे.

बॅटरीचं तरी वेगळं काय. नुसती पडून असली की फुशारकी मारते, एकदम ओझं आलं की रडते. त्यातलं काहीच धरून चालायचं नाही.

मी सगळ्यांसमोर टाकी अर्धी रिकामी केली. कुणीतरी म्हणालं, "दमलं वाटतं इमान." सगळे हसले. राग आला होता. ड्रोन छातीएवढा उचलला आणि तिथेच धरून ठेवला... आकडा कुठे ठरतो ते बघत. तो ठरलाच नाही. अर्ध्या ओझ्यालाही हळूहळू उतरतच राहिला.

"या बॅटरीवर न्हाई जमणार," मी ड्रोन खाली घेत म्हणाले. "दुसरी चार्ज होऊ द्या."

माणसं पांगली. गंमत बघायला आलेल्यांना थांबायला कुठे वेळ... अण्णा तेवढे बांधावर माझ्याशेजारी बसून राहिले. मी विचारलं, "अण्णा, तुमी चाकं बांधून बैल बघायचे ना, तसंच केलं मी. राग आला का?"

त्यांनी उसाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटायचं पोरगी जिलबी खायला येती बाजारात. बघत व्हतीस म्हण की तू."



बॅटरी चार्ज झाली तेव्हा टाकी भरायला अण्णाच उठले... आणि अर्ध्यावर आल्यावर स्वतःहून थांबले. राहिलेला तुकडा जास्तीच्या खेपा करून झाला, ड्रोन सुखरूप गटाकडे परत आला. शिकवायचं म्हणून अण्णांनी मला कधी काही शिकवलं नाही. पण बाजारात बरोबर नेत होते, तेवढं लई झालं.