बाहेरचं खाणं आणू नये

एर्सिल्याच्या ओस्तेरियात चूल कधीच नव्हती. वाइन तिची, खाणं ज्याचं त्यानं आणायचं, हा बोलोन्याच्या आमच्या बाजारातला जुना रिवाज. लोक माझ्याकडून चीज घेत, शेजारच्या खाटकाकडून मोर्तादेलाचे काप घेत, पाव काखेत मारत आणि तिच्याकडे शिरत. फळीवरचा पेला आपणच काढायचा, पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायचा. माझं दुकान तिच्या दारासमोर, त्यामुळे कोण किती प्यायलं हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं.

दुपारी न चुकता येणारा म्हणजे ओलिंदो. म्हातारा शिंपी, बायको गेलेली. कोपऱ्यातल्या टेबलावर कागदाची पुडी उलगडायचा आणि पहिला काप एर्सिल्यासाठी बाजूला काढायचा.

"एवढा पातळ? यातून तुझं तोंड दिसतंय मला," ती म्हणायची.

"मग लवकर खा, नाहीतर भूक मरेल."

तीही विधवाच. बाजारानं त्या दोघांचं लग्न मनातल्या मनात केव्हाच लावून टाकलं होतं. घाई नव्हती ती फक्त त्यांना.

मग सुट्टीवर आलेल्या लोकांची रीघ लागली. बाजार हिंडायचा, माझ्या चीजचे फोटो काढायचे, विकत काही घ्यायचं नाही आणि भूक लागली की एर्सिल्याकडे जाऊन जेवण मागायचं. तिचा भाचा दाविदे तिच्या मागेच लागला. "मावशी, जेवायला आलेल्या माणसाला तू रिकामं टेबल देतेस. जगात कुणी करतं असं?" मागच्या खोलीत शेगडी आली, मेन्यू आला आणि दारावर पाटी लागली: बाहेरचं खाणं आणू नये. पाहुणे खूश झाले. जाताना बशीखाली नाणी ठेवून जायला लागले. आमच्यात असं कुणी करत नाही.

"पाटी परक्यांसाठी आहे गं नेरिना," एर्सिल्या मला म्हणाली. "ओलिंदोला कोण अडवतंय?"

तिनंच अडवलं. मे महिन्यातला शनिवार होता, आत पाय ठेवायला जागा नव्हती. ओलिंदोनं पुडी उलगडली, तशी शेजारच्या टेबलावरची एक जर्मन बाई पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आमचे पीच पिशवीत ठेवायला लावलेत. मग यांना कसं चालतं?" सगळ्यांच्या माना वळल्या. एर्सिल्या गडबडली.

"ओलिंदो, आज ते ठेवून दे ना. लोक बघतायत."

त्यानं कागदाच्या घड्या शिंप्याच्या हातानं नीट घातल्या. पेला विसळून फळीवर ठेवला आणि निघून गेला. तिच्यासाठी काढलेला काप टेबलावर तसाच राहिला.

माझ्याकडे तो येत राहिला. चीज घ्यायचा आणि घरी जायचा.

"माझं काही विचारतो का गं?" एर्सिल्या विचारायची.

"चीज ताजं आहे का, ते विचारतो."

नाकापेक्षा मोती जड झाला होता, हे तिलाही कळत होतं. हिवाळ्यात पाहुणे पांगले आणि टेबलं ओस पडली, तेव्हा तिनं दाविदेशी भांडून पाटी उतरवली. मला म्हणाली, "तू सांग ना त्याला."

"मी चीज विकते, निरोप नाही. तोंडानं तोडलंस, आता तोंडानंच जोड."

एके सकाळी ओलिंदो माझ्याकडे उभा असताना ती एप्रनसकट धावत आली. "पाटी काढली रे मी. उद्या ये. पुडी घेऊन ये."

"येईन की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा पेला स्वतः पुसून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. तो आला तो कोट घालून, रिकाम्या हातानं. बसा म्हणेपर्यंत दारातच उभा राहिला. मग त्यानं मेन्यू मागितला, तोर्तेल्लिनी खाल्ले, छान झालेत म्हणाला आणि टोपी उचलून गेला.

मी लगेच रस्ता ओलांडून गेले. एर्सिल्या त्याच्या खुर्चीत बसली होती. समोर न विसळलेला पेला होता. तिनं बशी उचलून मला खालची दोन नाणी दाखवली.

"मला टिप ठेवून गेला गं," ती म्हणाली.