भावजींची थंड इस्त्री

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान चालवतात. माणूस निर्व्यसनी. व्यसन एकच, सुधारणा करण्याचं.

दुकानातला जुना पिवळा बल्ब आणि इस्त्री वेगवेगळ्या वायरींवर चालतात, ही उधळपट्टी त्यांच्या डोळ्यांत खुपायची. "एकाच करंटकडून दोन्ही कामं करून घ्यायची," ते म्हणाले. "बल्बमधून बाहेर पडला की सरळ इस्त्रीत." मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात अशा बाबतीत मला कोणी विचारत नाही.

एका सकाळी त्यांनी तशी जोडणी केली. बटण दाबताच बल्ब लख्ख लागला. नेमका त्याच दिवशी समोरच्या वकीलबाईंना कोर्टात जायला काळा कोट हवा होता. भावजी बराच वेळ कोटावरून इस्त्री फिरवत राहिले. ताईनं इस्त्रीला हात लावला.

"अहो, ही तापलीच नाही."

"तापेल. नवीन पद्धत आहे, सवय होऊ दे तिला."

सवय काही होईना. मग भावजींनी निदान केलं: बल्ब आधी येतो, तोच सगळा करंट पिऊन टाकतो. त्यांनी इस्त्री आधी जोडली, बल्ब नंतर. बल्ब पुन्हा लख्ख, इस्त्री पुन्हा गार.

वकीलबाईंनी कोट उलटसुलट करून पाहिला. "इस्त्री केलीय, की कुणी चघळलाय?"

तेव्हा कुठे मला बोलावणं आलं.

"भावजी, करंट कोणी पीत नाही," मी म्हटलं. "एकामागोमाग जोडलं की दोघांतून सारखाच करंट जातो, पुढे कोणीही असो. वाटलं जातं ते व्होल्टेज. ज्याचा अडथळा जास्त, त्याला वाटा जास्त. बल्बची तार बारीक, अडथळा मोठा. इस्त्रीच्या वाट्याला चिमूटभर येतं."

"म्हणजे जो जास्त अडवतो, त्यालाच जास्त मिळतं?" त्यांनी ताईकडे पाहिलं. "आपल्या घरासारखंच की."

"मी अजून अडवायला सुरुवात केलेली नाही," कोटावर पाणी शिंपडत ताई म्हणाली.

मी सांगितलं, दोन्ही शेजारी-शेजारी जोडा, म्हणजे दोघांना पूर्ण व्होल्टेज मिळेल. पण मुख्य वायरीत दोघांच्या करंटची बेरीज होईल. यातलं 'पण'पर्यंतचं त्यांनी मन लावून ऐकलं. कोट तासाभरात कडक झाला, आणि भावजींना पंख फुटले. त्याच बोर्डावर दुसरी इस्त्री आली, मग पाणी तापवायची शेगडी. प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज मिळतंय म्हटल्यावर कोणाला नाही का म्हणायचं?

फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

"फारच नाजूक प्रकृतीचा आहे," असं म्हणत भावजी त्याच्या जागी घालायला एक जाडजूड तार घेऊन आले. ताईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"फ्यूज उडाला म्हणून दुकान शिल्लक आहे. ही तार घातली असती, तर भिंतीतली वायर जळाली असती. वायरमनला बोलवा."

वायरमन आला, त्यानं शेगडीला आणि दुसऱ्या इस्त्रीला जाड वायरीच्या वेगळ्या लाइनी टाकल्या. तो स्टुलावर चढून काम करत असताना खाली उभं राहून सल्ले देण्याचं अवघड काम भावजींनी केलं.

हल्ली ते गिऱ्हाइकांना करंट आणि व्होल्टेजमधला फरक समजावतात. बरंचसं बरोबरही असतं. ताई तेवढ्यात कपड्यांचा गठ्ठा इस्त्री करून मोकळी होते.