चाचांच्या डंकावरची चटणी

गल्लीत कुणी मिरची कुटायला काढली की त्या खकाण्यासरशी मला आमचा खालचा गाळा आठवतो. तिथं भाडेकरू दस्तगीरचाचांचा मिरची कुटायचा डंक होता. भाडं थकत गेलं, वडील कोर्टात जिंकले, आणि ऐन चटणीच्या दिवसांत बेलीफ दारात आला. डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. सकाळी दिलेला डबा न्यायला आईही आली होती.

"मालक, एवढं कांडप हुंदे की," चाचा म्हणाले.

"न्हाय. मशीन बंद करा," बेलीफासोबत आलेले वडील म्हणाले.

चाचांनी बटण दाबलं. अर्धवट कुटलेली मिरची ज्याची त्याला परत केली. आईचा डबा मात्र भरलेला होता. "वैनी, तुमचं पयलंच केलतं."

वर्षभर आम्ही तीच चटणी खाल्ली. वडील भाकरीसोबत नुसतं मीठ घ्यायचे. तेव्हा मला तो त्यांचा राग वाटायचा.